ल, श, ण, झ : छापील पानाचं वय अक्षरांवरून कसं काढायचं?

पुढे वाचण्याआधी एक करा. 'लाल लोटा' या दोन शब्दांतल्या 'ल'कडे तुमच्या स्क्रीनवर नीट बघा. शिरोरेषेतून मधोमध देठ उतरलाय आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पाकळ्या आहेत, असं दिसतंय का? की उजव्या बाजूला सरळ उभा काना आहे आणि डावीकडून एक वळण येऊन त्याला चिकटलंय? पहिला 'ल' मराठी वळणाचा, दुसरा हिंदी वळणाचा. हा लेख मी लिहिलाय तसाच तुमच्यापर्यंत पोचतोय, पण 'ल'चा आकार माझ्या हातात नाही. तो तुमच्या फोनमधला फाँट ठरवतो. उद्या कुणी तुमच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवला, तर शंभर वर्षांनी एखादा संशोधक त्या 'ल'वरून तुमच्या फोनबद्दल काहीतरी सांगू शकेल. माझ्याबद्दल मात्र काहीच सांगू शकणार नाही. हा फरक लक्षात ठेवा. पुढे तो कामाला येणार आहे.

जुन्या छापील साहित्यावर संशोधन करायचं ठरवलंत, की लवकरच अशी एक चोपडी हातात येते जिचं शीर्षपान फाटलेलं असतं. छापखाना माहीत नाही, सालही माहीत नाही. ग्रंथालयाच्या नोंदीत 'अंदाजे १९ वे शतक' एवढंच. बरेच विद्यार्थी तिथेच थांबतात आणि भाषेवरून, विषयावरून काहीतरी साल ठोकून देतात. पण पानावर अजून एक साक्षीदार असतो, तो म्हणजे टाइप. तो स्वतःहून बोलत नाही, त्याला विचारावं लागतं.

हा साक्षीदार किती मोठं काम करू शकतो, त्याचं इंग्लंडमधलं एक उदाहरण आधी सांगतो. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग या कवयित्रीच्या सुनीतांची एक छोटी पुस्तिका संग्राहकांमध्ये फार मोलाची मानली जात होती. तिच्यावर 'रेडिंग, १८४७' असं छापलेलं होतं, म्हणजे ती सुनीतांची सर्वांत पहिली, खाजगी आवृत्ती ठरत होती. १९३४ साली जॉन कार्टर आणि ग्रॅहॅम पोलार्ड या दोन तरुण पुस्तक-विक्रेत्यांनी अशा पुस्तिकांची चौकशी करणारं पुस्तक काढलं. त्यांनी आधी कागद तपासला. त्यात रासायनिक प्रक्रिया केलेला लाकडाचा लगदा निघाला, आणि तसा कागद १८७४ च्या आधी मिळतच नव्हता. मग ते टाइपाकडे वळले. तिथे त्यांचं लक्ष इंग्रजी एफ आणि जे या दोन अक्षरांवर गेलं.

का? तर साध्या टाइपात एफचं वरचं टोक आणि जेची शेपटी खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबत असे. अशी टोकं छपाईत पटकन मोडतात. म्हणून पुढे कुणीतरी टोक आत घेतलेले, आखूड एफ आणि जे पाडले. पुस्तिकेत हे आखूड एफ आणि जे होते, आणि ते १८८० नंतरचे होते. म्हणजे '१८४७'ची पुस्तिका १८८० नंतर छापलेली! एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्याच टाइपात प्रश्नचिन्ह मात्र दुसऱ्याच कुठल्यातरी जातीचं मिसळलेलं होतं. अशी भेसळ सगळीकडे सापडत नाही. तीच भेसळ त्यांना दुसऱ्या एका पुनर्मुद्रणात सापडली आणि तिथे छापखान्याचं नाव छापलेलं होतं: रिचर्ड क्ले अँड सन्स. त्या पुनर्मुद्रणाचे संपादक होते टॉमस वाइज, त्या काळचे नावाजलेले ग्रंथसंग्राहक. पुस्तकात वाइजना थेट 'बनावटकार' म्हटलेलं नाही, पण वाचणाऱ्याला कळायचं ते कळलं.

इथे दोन वेगळ्या गोष्टी सिद्ध झाल्या, आणि विद्यार्थी नेमकी त्यांचीच गल्लत करतात. एफ आणि जे यांनी *काळ* सांगितला. प्रश्नचिन्हाच्या भेसळीने *छापखाना* सांगितला. टाइपाचा चेहरा सांगतो की हे अमुक सालाच्या आधीचं असूच शकत नाही. छापखाना सांगतात ते दोष, भेसळी, मोडलेले खिळे. चार्ल्टन हिनमन यांनी १९६३ मध्ये शेक्सपियरच्या पहिल्या फोलिओचा छपाईचा क्रम लावला, तोही मोडक्या खिळ्यांचा पानापानांतून माग काढूनच.

आता देवनागरीकडे येऊ. पंधराव्या शतकातल्या युरोपीय पुस्तकांवर काम करणाऱ्या कॉनराड हेबलर यांनी एक सोपी युक्ती काढली होती. सगळी अक्षरं तपासत बसायचं नाही. गॉथिक टाइपांमध्ये मोठ्या लिपीतला 'एम' सर्वांत जास्त बदलतो, म्हणून आधी 'एम'चा प्रकार ठरवायचा आणि मग वीस ओळींची उंची मिलिमीटरमध्ये मोजायची. या दोन खुणांवर त्यांनी टाइपांचा मोठा कोश उभा केला. मग प्रश्न असा की आपला 'एम' कोणता?

माझं उत्तर: पहिल्या नजरेला 'ण', मग 'झ' आणि 'अ', त्यानंतर 'ल' आणि 'श'. काही जण 'अ' पहिला धरतात आणि त्यात काही चूक नाही. पण फिकट छपाईत 'अ'चा डावा अवयव भरून जातो आणि नीट दिसत नाही. 'ण' तसा फसवत नाही.

देवनागरी छपाईत दोन मोठी वळणं होती, कलकत्ता आणि मुंबई. कलकत्त्याच्या, म्हणजे उत्तरेकडच्या वळणाचा 'ण' बघितलात तर आधी दचकाल. तो 'र'पुढे काना उभा केल्यासारखा दिसतो. त्यामुळे जुन्या हिंदी पुस्तकात 'गणेश' हा शब्द आजच्या वाचकाला 'गरोश' वाटतो. संगणकाकडून अशी पानं वाचून घेतली की तोही 'गुण'चा 'गुरा' करून ठेवतो. (स्कॅन केलेल्या जुन्या ग्रंथात शब्द शोधून सापडला नाही, तर हे कारण आधी तपासा.) मुंबईचा 'ण' म्हणजे आपण आज लिहितो तोच. 'झ'चंही तसंच. उत्तरेकडचा जुना 'झ' हा 'भ'ला उजवीकडे शेपूट लावल्यासारखा, नेपाळी छपाईत तो आजही भेटतो. 'अ'मध्ये मुंबईला डावीकडे तीनचा आकडा, उत्तरेकडे तो नाही. 'ल'चं वर सांगितलंच. 'श'मध्ये मराठी वळणात डावा अवयव देठावर तोललेला, हिंदी वळणात त्याला गाठ. ५ आणि ८ या आकड्यांचीही दोन-दोन रूपं आहेत. पानांचे क्रमांक कुणी बघत नाही, पण तुम्ही बघा. मजकूर फाटला तरी कोपऱ्यातला आकडा पुष्कळदा शिल्लक असतो.

ही दोन वळणं आली कुठून? याचं उत्तर आपल्या मुद्रणाच्या इतिहासातच आहे. मराठीसाठी खिळ्यांचा टाइप पहिल्यांदा लक्षणीय प्रमाणात वापरला गेला तो महाराष्ट्रात नाही, बंगालमध्ये. श्रीरामपूरला विल्यम केरी यांच्या मिशनचा छापखाना १८०० मध्ये सुरू झाला. तिथे पंच कोरायला पंचानन कर्मकार होते. त्यांनी आधी चार्ल्स विल्किन्स यांच्यासोबत बंगाली टाइपावर काम केलं होतं. पंचाननांनंतर त्यांचे जावई मनोहर यांनी काम पुढे नेलं. केरींचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये याच छापखान्यातून, नागरी टाइपात निघालं. १८१० चा मराठी कोश मात्र त्यांनी मोडी टाइपात काढला. म्हणजे मराठी वाचकापुढे आलेल्या पहिल्या छापील नागरीचं वळण बंगाली कारागिरांच्या हातचं होतं.

मुंबईत अमेरिकन मिशनने १८१७ च्या सुमारास मराठी छपाई सुरू केली, तीही कलकत्त्याहून आणलेल्या टाइपावर. पण इथले वाचक वेगळ्या हस्ताक्षराला, बाळबोध पोथ्यांच्या वळणाला सरावलेले होते. मिशनच्या छापखान्यातल्या टॉमस ग्रॅहम यांनी मुंबईतच नवे पंच कोरले आणि अक्षराला हळूहळू इथलं वळण आलं. त्याच छापखान्यात जावजी दादाजी नावाचा एक मुलगा टाइप घासायच्या कामावर होता. जन्म १८३९ चा. घासण्याचं काम हलकं समजू नका. साच्यातून निघालेल्या खिळ्याची कड घासून सारखी करताना अक्षराची प्रत्येक रेघ डोळ्यांसमोरून जाते. पुढे जावजींनी राणोजी रावजी आरू यांच्यासारखा कसबी पंचकार जोडीला घेतला, १८६४ मध्ये टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरचा टाइप पुढे देशभर गेला, संस्कृत ग्रंथांसाठी तर तो प्रमाणच मानला गेला. आज आपल्याला 'नैसर्गिक' वाटणारा 'ण' आणि 'झ' पुष्कळ अंशी या मुंबईच्या फाउंड्रीवाल्यांची देणगी आहे.

मात्र या इतिहासातच एक सापळा आहे. 'निर्णयसागर टाइप' दिसला म्हणून पुस्तक निर्णयसागरमध्ये छापलंय असं म्हणता येत नाही. फाउंड्रीचा धंदाच टाइप विकण्याचा. एकच चेहरा मुंबईत, पुण्यात, काशीत, कुठेही सापडतो. तसंच मुंबई वळणाचा 'ण' म्हणजे मुंबईची छपाई, हेही खरं नाही. उत्तरेतल्या छापखान्यांनी मुंबईचा टाइप विकत घेतला. पुढे केंद्र सरकारने १९६६ मध्ये मानक देवनागरी ठरवली तेव्हा 'अ', 'झ', 'ण' मुंबई वळणाचेच घेतले, 'ल' आणि 'श' मात्र उत्तरेचे ठेवले. म्हणून मुंबई वळणाचा 'ण' एकटा असेल तर त्याचा पुरावा म्हणून उपयोग कमी. मुंबई वळणाचा 'ण' आणि सोबत गाठीचा 'श' असेल, तर तो जास्त बोलका. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये निर्णय काढून मराठी 'ल' आणि 'श' यांची रूपं पक्की केली. त्याचं कारणही हेच होतं: संगणकावर हिंदी वळणाचे फाँट इतके पसरले की मराठी पुस्तकांतूनही पाकळ्यांचा 'ल' दिसेनासा झाला होता.

मराठीसाठी आणखी एक खूण आहे. ती मला व्यक्तिशः फार आवडते, कारण ती फसवत नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. पहिल्यात रफार, दुसऱ्यात 'र'चं ते आडवं, पापणीसारखं रूप. हिंदीला या रूपाची गरज नाही, संस्कृतला नाही. त्यामुळे ज्या टाइपात हा खिळा आहे तो मराठी छापायच्या हेतूने पुरा केलेला आहे, असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. आणि मराठी पुस्तकात जिथे हवा तिथे तो नसेल, जुळाऱ्याने रफारावर भागवलं असेल, तर दुसऱ्या भाषेसाठी भरलेल्या केसमधून मराठी जुळवलंय अशी शंका घ्यायला जागा आहे. 'ळ'कडेही असंच बघा. तो बाकीच्या अक्षरांपेक्षा जाड, बारीक किंवा किंचित खाली बसलेला दिसला, तर तो मागाहून भरती केलेला असू शकतो. वाइज प्रकरणातलं ते प्रश्नचिन्ह आठवा.

थोडं मागे जातो, कारण एक पायरी या सगळ्याच्या आधीची आहे. तुमच्या हातात आहे तो टाइप आहे की शिळाछाप? मुंबईत १८२० ते १८४० च्या दशकांत शिळाछापाचा फार जोर होता. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये छापलेलं पंचांगही शिळाछापच. शिळाछापात अक्षर हाताने लिहिलेलं असतं, तिथे टाइपाचा प्रश्नच येत नाही. ओळखायचं कसं? एकाच पानावरचे दहा 'त' निवडा आणि एकाशेजारी एक ठेवून बघा. टाइपात ते एकाच मातृकेतून ओतलेले असतात, शाई कमीजास्त झाली तरी हाडं तीच. हाताने लिहिलेले दहा 'त' कितीही सुबक असले तरी दहा असतात. शिरोरेषाही सांगते. खिळ्यांच्या छपाईत दोन अक्षरांच्या सांध्यावर तिला बारीक फट पडते, शिळाछापात लेखणीचा एकच ओढ असतो. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, पण ती न करता केलेलं पुढचं सगळं वाया जाऊ शकतं.

टाइपच आहे हे ठरलं की जोडाक्षरं बघा. हाताने जुळवायच्या टाइपात 'क्क', 'ल्ल', 'च्च' एकाखाली एक रचलेले, प्रत्येकाचा वेगळा खिळा. अशा शेकडो खिळ्यांनी केस भरून जाई. त्यात वेलांट्या-मात्रांची टोकं अंगाबाहेर लोंबणारी, ती मोडत. (इंग्रजांची दोन अक्षरं मोडायची, आपली निम्मी बाराखडी!) १९३० च्या दशकात देवनागरी लायनोटाइप आला तेव्हा यंत्रातल्या जागा मोजक्या होत्या. म्हणून उभी जोडाक्षरं मोडून अर्धं अक्षर आणि पूर्ण अक्षर शेजारी शेजारी मांडली जाऊ लागली. त्याच काळात खिळे वाचवायला 'अ'ची बाराखडी पुढे आली: 'इ'ऐवजी 'अि', 'उ'ऐवजी 'अु'. सावरकरांनी तिचा जोरदार पुरस्कार केला, आणि अहमदाबादच्या नवजीवनच्या प्रकाशनांतही ती दिसते. एकमेकांशी राजकारणात न पटणारी माणसं 'इ'च्या बाबतीत एकत्र! १९५३ च्या लखनौ परिषदेने तर ह्रस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेली होती. ते काही लोकांना पटलं नाही आणि काही वर्षांतच मागे घ्यावं लागलं. पण संशोधकाला असे फसलेले प्रयोग सोन्यासारखे, कारण त्यांचा काळ आखूड असतो. वेलांटी उजवीकडे असलेलं पान मिळालं तर साल जवळजवळ हातात आलं.

इथे एक सावधगिरी. लेखनपद्धती आणि टाइप हे दोन वेगळे साक्षीदार आहेत. न उच्चारलेले अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले, म्हणून अनुस्वारांनी भरलेलं पान त्याआधीचं असण्याची शक्यता जास्त. पण जुन्या वळणाच्या लेखकाने १९७० मध्येही हट्टाने अनुस्वार दिले असतील. तो हट्ट लेखकाचा. खिळा फाउंड्रीचा. दोघांची साक्ष वेगवेगळी नोंदवा, मग जुळते का ते बघा.

आणि टाइप 'इथपासून' सांगतो, 'इथपर्यंत' सांगत नाही. श्रीरामपूरच्या छापखान्याला मार्च १८१२ मध्ये मोठी आग लागली. टाइप वितळून गेला, पण ढिगाऱ्यातून पोलादी पंच निघाले आणि त्याच धातूचे खिळे पुन्हा ओतले गेले. म्हणजे खिळा मरतो, चेहरा जगतो. गावातला एखादा गरीब छापखाना आजोबांच्या वेळचा झिजलेला टाइप नातवाच्या काळापर्यंत वापरतो. त्यामुळे १८७० च्या टाइपातलं पुस्तक १९१० चं असू शकतं, पण १९१० च्या टाइपातलं पुस्तक १८७० चं असू शकत नाही. प्रबंधात 'या टाइपावरून पुस्तक १८७० चे ठरते' असं वाक्य लिहिलंत तर मौखिक परीक्षेत तुम्हाला तिथेच धरतील, आणि बरोबरच धरतील.

आता मोजायचं कसं? हेबलर यांची वीस ओळींची युक्ती आपल्याकडे उलट चांगली चालते, कारण आपल्याला शिरोरेषा मिळाली आहे. पहिल्या ओळीच्या शिरोरेषेपासून एकविसाव्या ओळीच्या शिरोरेषेपर्यंत मोजा. पण ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालून अंतर वाढवता येतं, म्हणून नुसत्या या आकड्यावर विसंबू नका. सोबत शिरोरेषेपासून 'क'च्या काण्याच्या टोकापर्यंतची उंचीही घ्या, निदान दहा ठिकाणी. आणि हे प्रत्यक्ष पुस्तकावर करा. नेटवर मिळणाऱ्या पीडीएफमध्ये पान किती मोठं होतं ते कळत नाही, म्हणून तिथे मोजमाप निरर्थक. ग्रंथालयात फोटो काढायची परवानगी मिळाली तर चौकटीत पट्टी ठेवूनच फोटो काढा. पट्टी नसलेले फोटो घरी आल्यावर नुसते बघायला छान असतात.

बापूराव नाईकांचं 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' तीन खंडांत १९७१ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने काढलं. ते कुठल्या ग्रंथालयात आहे ते शोधून ठेवा. पण आधी ते वाचून मग पुस्तकांकडे जाऊ नका. आधी साल नक्की माहीत असलेली पाच पुस्तकं घ्या, प्रत्येकातले अ, झ, ण, ल, श, ळ, ५, ८ आणि पापणीचा 'र' शोधून पट्टीसकट टिपा, आणि मोडलेला खिळा दिसला तर त्याचा पान-ओळ क्रमांक लिहा. मग साल न छापलेलं सहावं पुस्तक उघडा.